डिंक बरणीचा काढा, औषधाच्या डब्याचा नको



आजची नोंद पिकाची नाही, बरणीची आहे. पण ती फिरून फिरून शिवारातच येऊन थांबते, म्हणून इथं लिहितोय. थोडी लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

लोणच्याचे दिवस आले तसं मालकिणीनं माळ्यावरून रिकाम्या काचेच्या बरण्या खाली काढल्या. जामच्या, मधाच्या, कॉफीच्या, वर्षभर जमवलेल्या. पोरीनं शहरातून आणलेल्या पण होत्या दोन-चार. सगळ्यांवर कंपनीची लेबलं. वरचा कागद निघाला, पण खालचा डिंक काही निघेना. हात लावला की चिकटतो, वर धूळ बसते अन् काळा पट्टा तयार होतो. तारेच्या घासणीनं घासून घासून हात दुखायला लागले तेव्हा मला म्हणाली, "मोबाईलवर सगळ्या जगाला शहाणपण शिकवता, एवढा डिंक काढून दाखवा."

काढून दाखवला. अर्ध्या तासात सात बरण्या लख्ख. ती म्हणाली, "हे कधी शिकला तुम्ही?"

मी गप्प बसलो. कारण हे मी कुठं अन् कशासाठी शिकलो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. ते पुढं सांगतो. आधी बरणीचं सांगतो, कारण ते सगळ्यांच्या घरी कामाचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे डिंक सगळा एक नसतो. जुन्या पद्धतीचं कागदी लेबल खळीनं चिकटवलेलं असतं. ते कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा पावडर टाकून अर्धा तास भिजवलं की आपोआप सुटतं. पण आजकालचं जे तयार स्टिकर असतं, त्याचा डिंक पाण्याला दाद देत नाही. त्याला दिवसभर पाण्यात ठेवा, तो तसाच. त्याला लागतं तेल. तेल त्या डिंकाच्या आत शिरतं, त्याला मऊ करतं अन् भांड्यावरची त्याची पकड ढिली होते. हे एवढं ध्यानात आलं की घासण्याची मेहनत निम्म्यानं कमी होते.

काचेच्या बरणीला मी असं करतो. आधी बरणीत कोमट पाणी, मग ते ओतून गरम पाणी भरायचं. एकदम उकळतं पाणी गार काचेत ओतू नका, काच तडकते. पाच मिनिटं थांबायचं. आतून ऊब लागली की डिंक नरम पडतो. मग एका कोपऱ्याला नख घालून सावकाश ओढायचं, घाईनं ओढलं की कागद फाटून डिंक मागं राहतो. राहिलेल्या डिंकावर खायचं कुठलंही तेल अन् खायचा सोडा समान घेऊन त्याचा लगदा लावायचा, वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवायचं. मग जुन्या फडक्यानं नाहीतर नारळाच्या शेंडीनं गोल गोल घासायचं. डिंकाच्या वळ्या होऊन निघतात. शेवटी भांड्याच्या साबणानं दोनदा धुवायचं, म्हणजे तेलकटपणा जातो. चुलीची राख असेल तर साबणाच्या आधी राखेनं एक हात फिरवा, राख तेल ओढून घेते.

स्टीलच्या नव्या भांड्याचं स्टिकर असेल तर भांडं दुसऱ्या बाजूनं मंद आचेवर काही सेकंद धरायचं, नाहीतर आत गरम पाणी ओतायचं. स्टिकर अख्खं उचललं जातं. सुरीनं खरवडू नका, ओरखडा जन्मभर राहतो.

प्लॅस्टिकच्या डब्याला मात्र जपून. उकळतं पाणी टाकलं की तो वाकडा होतो. तारेची घासणी लावली की चरे पडतात अन् त्या चऱ्यात घाण बसते. थिनर लावलं की काही प्लॅस्टिक पांढरं पडतं, काही चिकट होतं. प्लॅस्टिकला फक्त तेल, ऊन अन् सबुरी. आणि रॉकेल-पेट्रोलनं डिंक निघतो हे खरं आहे, पण ज्यात खायचं ठेवायचं त्याला ते लावू नका, अन् चुलीजवळ तर बाटली उघडूही नका.

झालं बरणीचं. आता डब्याचं.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी कपाशीसाठी पाच लिटरचा औषधाचा कॅन आणायचो, स्वस्त पडायचा म्हणून. पण पाच लिटरचा कॅन घेऊन तासातासानं फिरता येत नाही. म्हणून मी काय शक्कल लढवली, तर आधीच्या हंगामातले एक-एक लिटरचे रिकामे डबे घेतले. मजबूत डबे, घट्ट झाकण. जुनं लेबल असलं की गोंधळ व्हायचा, म्हणून ते काढायचं ठरवलं. एका दुपारी आखाड्यावर बसून तेल, सोडा लावून सगळ्या डब्यांची लेबलं काढली. डिंकाचा कणसुद्धा ठेवला नाही. पांढरे शुभ्र डबे ओळीनं उन्हात मांडले अन् मनात म्हणालो, दहावी शिकलेला माणूस असाच नीट काम करतो. मग मोठ्या कॅनमधलं औषध त्यात भरलं अन् रिकामा कॅन भंगारवाल्याला देऊन टाकला. दुकानदाराकडून पावती घेतली नव्हती. उधारीचा माल होता, वहीत नोंद होती, एवढंच.

भादव्याचं ऊन. कपाशी छातीला लागलेली. आमचा सालगडी सकाळपासून फवारत होता. दुपारी दोनच्या सुमारास तो तासातच खाली बसला. म्हणाला, गरगरतंय. मग उलट्या. अंग घामानं चिंब, तोंडातून लाळ थांबेना, बोलताना जीभ जड. जीप बोलावली, रुग्णालयात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी लावून डोळे बघितले. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. मागं न बघताच विचारलं, "कोणतं औषध फवारत होते?"

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. येताना आठवणीनं डबा घेतला, याचंच मला समाधान वाटत होतं.

डॉक्टरांनी डबा हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. चारी बाजूंनी कोरा. म्हणाले, "अहो, याचं लेबल कुठंय?"

मंडळी, त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. औषधाचं बाजारातलं नाव सांगितलं, पण त्या नावाच्या मागं-पुढं अक्षरं लावून त्या वेळी दोन-तीन वेगवेगळी औषधं मिळायची. त्यातलं आपलं कोणतं, आत घटक कोणता, टक्के किती, काही सांगता येईना. दुकानदाराचा फोन लागेना. शेवटी डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखलं, ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली अन् जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. गडी वाचला. आठ दिवसांनी चालत घरी आला. पण त्याची बायको दोन लेकरं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती अन् मी तिच्यासमोर तो लख्ख पांढरा डबा पिशवीत लपवत होतो, हे मी विसरू शकत नाही.

डबा स्वच्छ केल्याचा एवढा अभिमान होता मला. खरं तर मी त्या डब्याची जीभ कापून टाकली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आणि ते आज इथं स्पष्ट सांगतो. खाण्याच्या बरणीवरचं जुनं लेबल डिंकासकट काढा, कारण ते आता खोटं बोलतंय. आत लोणचं अन् बाहेर जाम. पण औषधाच्या डब्यावरचं लेबल डबा भरलेला असताना काढू नका, अर्धा असताना काढू नका, अन् रिकामा झाल्यावर तर अजिबात काढू नका. रिकाम्या डब्याचं लेबल काढावंसं वाटतं, ते तो डबा पुन्हा वापरायचा असतो म्हणूनच. हीच खरी गोम आहे.

लेबल म्हणजे कंपनीची जाहिरात, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याचे नियम 1971 चे. त्या नियमांप्रमाणं डब्यावर काय छापायचं ते ठरलेलं आहे. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष, पिवळा म्हणजे त्याच्या खालचं, निळा मध्यम, हिरवा कमी. हिरवा म्हणजे बिनविषारी, असं समजू नका. त्याच लेबलवर घटकाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर, बनवल्याची अन् संपण्याची तारीख असते. आणि विषबाधा झाली तर उतारा काय, हेही लेबल अन् आतल्या माहितीपत्रकातून कळतं.

हा उतारा सगळ्या औषधांना एक नसतो, हे ध्यानात घ्या. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधाला ॲट्रोपिन चालतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडला खास असा उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. पॅराक्वाट नावाचं तणनाशक पोटात गेलं तर आपण ज्याला जीव वाचवणारा समजतो तो ऑक्सिजनसुद्धा गरज नसताना दिला तर फुप्फुसाचं नुकसान वाढवतो. उलटी करवायची की नाही, हेही औषधागणिक बदलतं. आता सांगा, कोरा डबा घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर काय विचारणार अन् काय करणार?

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वेळी आमच्या पारावर मास्कची चर्चा झाली, हातमोज्यांची झाली, चायना पंपाची झाली. सगळी बरोबरच होती. पण रिकाम्या डब्याची चर्चा झाली नाही. अन् मी हिंमत करून माझी गोष्ट तेव्हा सांगितली नाही. आज सांगतोय.

दुसरी गोष्ट बिहारची. 16 जुलै 2013, सारण जिल्हा, धर्मासती गंडामन नावाचं गाव. शाळेतली खिचडी-भाजी खाऊन 23 लेकरं गेली. तपासणीत अन्नात अन् तेलाच्या डब्यात मोनोक्रोटोफॉस सापडलं. आपण ज्याला नुसतं 'मोनो' म्हणायचो अन् कपाशीवर सर्रास मारायचो, तेच. आधी औषध असलेल्या डब्यात नंतर स्वयंपाकाचं तेल ठेवलं गेलं, असं पुढं आलं. गाव बिहारचं असलं तरी असे डबे आपल्या गावातही घरोघर आहेत. कुणाच्या घरी त्यात डिझेल आहे, कुणाच्या घरी पंपाचं ऑइल, अन् कुणाच्या आखाड्यावर प्यायचं पाणी आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

लोक म्हणतात, "आम्ही तीनदा धुतो की. वाससुद्धा येत नाही." त्यांना माझं एवढंच सांगणं, की वर सांगितलेला डिंकाचा धडा आठवा. तेल डिंकाच्या आत शिरतं, तेव्हाच तो मऊ पडतो. आपली बरीच औषधं, ज्यांच्या नावापुढं 'ईसी' लिहिलेलं असतं, ती तेलासारख्या द्रावणातच असतात. ती प्लॅस्टिकच्या अंगात थोडीफार मुरतात. प्लॅस्टिकच्या बरणीत वर्षभर लोणचं ठेवा, मग साबणानं दहा वेळा धुवा, लोणच्याचा वास जातो का? हळदीचा पिवळा डाग जातो का? मग विष तेवढं कसं जाईल? अन् परत तुम्ही त्यात गोडंतेल ओतता. म्हणजे भिंतीत मुरलेलं बाहेर काढायला सगळ्यात चांगली वस्तूच ओतता. वास नाही म्हणजे विष नाही, असं नसतं.

याच्या उलटाही प्रकार आहे. थंड पेयाच्या, पाण्याच्या बाटलीत उरलेलं औषध भरून ठेवायचं. ईसी औषधाचं पाण्यातलं मिश्रण ताकासारखं पांढरं दिसतं. तहानलेलं लेकरू अन् ताकासारखी दिसणारी बाटली, यापुढं मी लिहीत नाही.

मला माहिती आहे, डबा टाकून देणं जिवावर येतं. मजबूत डबा, वर दोन झाकणं, बाजारात घ्यायला गेलं तर पैसे पडतात. आपण शेतकरी, सुतळीचा तुकडासुद्धा जपून ठेवणारी माणसं. पण हिशोबच करायचा तर पुरा करू. त्या दिवशी जीपच्या भाड्याला जेवढे गेले तेवढ्यात चार नवे कॅन आले असते. दवाखान्याचं तर धरतच नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. जमेल तेवढं तुम्हीही करा.

औषध आणलं की पहिलं काम, लेबलवरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळतो. औषधाचे ओघळ लागून अक्षरं पुसली जातात, ती त्यानं वाचतात. डिंक काढायला शिकलेला माणूस आता डिंक लावतो, असं मालकीण हसून म्हणते.

दुसरं, झाकण उघडायच्या आधी लेबलचे मोबाईलवर दोन फोटो काढतो, पुढून अन् मागून. फवारायला जो जाणार त्याच्याही मोबाईलवर पाठवतो. दवाखान्यात पोचायच्या आधी फोटो पोचतो. पीक जळालं, औषध बनावट निघालं, तर तक्रारीला बॅच नंबर लागतो. लेबल अन् पावती नसेल तर साहेबांपुढं आपण काय दाखवणार? उधारीवर आणा, पण पावती घ्या.

तिसरं, डबा रिकामा होताना तीन वेळा खंगाळतो, पण धुऊन वापरायला नाही. डबा पंपावर अर्धा मिनिट उपडा धरायचा, मग पाव डबा पाणी घालून, झाकण लावून चांगलं हलवायचं अन् ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीनदा. औषध वाया जात नाही अन् ओढ्याला, विहिरीला धुणं होत नाही. हे काम हातमोजे घालूनच.

चौथं, लगेच त्याच जागेवर खिळ्यानं नाहीतर विळ्यानं डब्याला बुडाशी भोकं पाडतो. भोक पडलेला डबा कुणी घरी नेत नाही, भंगारवाला पण पुन्हा विकू शकत नाही. लेबल तसंच राहू देतो. रिकामे डबे मोडून वस्तीपासून लांब पुरावेत अन् पुन्हा वापरात येतील असे उघड्यावर टाकू नयेत, असं 1971 च्या नियमांतच आहे. मी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, उंचवट्याला खड्डा केलाय. दुकानदार किंवा कंपनी परत घेत असेल तर उत्तमच, विचारून बघा. जाळू मात्र नका, तो धूर आपल्याच नाकात येतो.

पाचवं, उरलेलं औषध त्याच्याच डब्यात, कुलूपबंद पेटीत. डबा गळत असेल तर तो आधी संपवायचा, बाटली बदलायची नाही.

हे पान वाचणाऱ्या कृषी सहायकांना अन् कंपनीच्या प्रतिनिधींना एक विनंती. शेतीशाळेत तुम्ही मित्रकीड-शत्रुकीड शिकवता, चांगलं आहे. पण एकदा डबा तीनदा खंगाळून, भोक पाडून दाखवा. पाच मिनिटं लागतात. आणि कंपन्यांनो, लेबलवरची अक्षरं मोठी करा. माझ्या वयाच्या माणसाला भिंग घेऊन वाचावं लागतं. जाहिरातीचं नाव अर्धा डबा व्यापतं अन् उतारा मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. दुकानदार बंधूंनो, पावती मागायची वेळ येऊ देऊ नका.

त्या सात बरण्यांत आता कैरीचं लोणचं भरलंय. प्रत्येकीवर मालकिणीनं कागदाची पट्टी लावून महिना अन् वर्ष लिहिलंय. म्हणजे जुनं खोटं लेबल काढलं अन् नवं खरं लावलं.

तो सालगडी आता आमच्याकडं नाही, त्याची पोरं कमवायला लागली. परवा बाजारात भेटला. चहा घेतला. जाताना म्हणाला, "मालक, तो डबा अजून आहे का?"

म्हणालो, नाही रे, त्याच साली भोक पाडून पुरला.

आज एक काम करा. आखाड्यावर, पडवीत, न्हाणीघरात एक फेरी मारा. जो डबा कोरा दिसेल, ज्याचं लेबल कुणीतरी मेहनतीनं काढलेलं असेल, तो उचला अन् त्याला भोक पाडा. मग आत डिझेल असो नाहीतर पाणी, आधी ओतून द्या.

राम राम.